किनाकोने चकली खाल्ली त्या दिवशी

जपानला निघालेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. मोजे फाटके नेऊ नका, ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका, कचरा वेगवेगळा करा. मी सगळे निमूटपणे पाळले. पण एक सल्ला मला कुणी दिला नव्हता, तो मी तुम्हाला देते. ट्रफल शोधणाऱ्या कुत्रीला चकली घालू नका. तुम्ही म्हणाल, कोण कशाला घालतंय! घालतं हो. चिंचवडहून गेलेली बाई घालते.

मी गेले होते मुक्ताकडे, माझ्या लेकीकडे. ती सेंदाईच्या विद्यापीठात झाडांच्या मुळांवर राहणाऱ्या बुरशीवर संशोधन करते. नातेवाइकांना मी नुसतं "झाडांवर काम करते" एवढंच सांगते, कारण बुरशी म्हटलं की लोक लगेच लोणच्याच्या बरणीकडे बघतात. आमचे हे बरोबर आले नाहीत. "तिथे जाऊन भातच खायचा ना? मग इथला काय वाईट आहे?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला, आणि खरं सांगू, प्रवास फार सुखाचा झाला.

निशी-कसाई

पहिले दोन दिवस टोकियोत, निशी-कसाईला भाच्याकडे होते. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं आणि जपानी भूमीवर पहिलं वाक्य कानावर पडलं ते असं, "अगं, तूरडाळ घेतलीस का?" वळून बघते तर एक तरुण जोडपं, आणि त्यांची मुलगी त्यांना जपानीत काहीतरी सुनावत होती. तिथल्या भारतीय दुकानात पोहे, गूळ, राजगिरा, कढीपत्ता, सगळं मांडून ठेवलेलं. भाचा माझ्या बॅगेकडे बघून म्हणाला, "मावशी, एवढं ओझं कशाला वाहून आणलंस? इथे हिंगसुद्धा मिळतो."

मिळत असेल. पण आमच्या घरच्या भाजणीची चकली मिळते का? मुक्ताला हिंग जास्त लागतो, म्हणून मी चकलीत हात जरा सैलच सोडला होता. शिवाय खडा हिंगाची एक डबी वेगळी. ती तीन पिशव्यांत गुंडाळली होती, तरी भाच्याच्या घरात दोन दिवस आमटीचा वास येत होता. त्याची बायको बिचारी काही बोलली नाही, खिडक्या तेवढ्या उघडत राहिली.

सेंदाई

सेंदाई मला टोकियोपेक्षा आवडलं. रुंद रस्ते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, नोव्हेंबर असल्यामुळे पानं तांबूस होऊन गळत होती आणि विद्यार्थी त्यांच्यावरून सायकली दामटत होते. मुक्ताची खोली म्हणाल तर आपल्या बाल्कनीपेक्षा जरा मोठी. मी आले म्हणून तिने अंथरूण, पांघरूण, हीटर, सगळं माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः टेबलाखाली पाय घालून झोपली.

जेवणाची मात्र पंचाईत. मी मासे-मटण खात नाही, आणि तिथे दिसायला साध्या सुपातसुद्धा माशाचं पाणी असतं. मुक्ता प्रत्येक हॉटेलात माझ्या वतीने इतकी माफी मागायची की मला वाटायचं, मी काही गुन्हा केलाय. अंडं मी खाते. चिंचवडला कुणाला सांगू नका.

दुसऱ्या दिवशी तिने मला ट्रफल म्हणजे काय ते समजावलं. मला आपलं वाटत होतं, ते चॉकलेटचे गोळे. तर तसं नाही. हे आळिंबीच्या खानदानातलंच, पण जमिनीखाली, झाडाच्या मुळांशी वाढतं. दिसायला काळं, खडबडीत, एखाद्या टाकून दिलेल्या बटाट्यासारखं. त्याचा वासच काय तो मोलाचा. युरोपातले लोक त्यासाठी वेडे असतात, आणि जपानच्या जंगलात ते आपसूक उगवतं हे जपानी लोकांच्याही बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं. आता काही लोक त्याची लागवड करून बघतायत. ओकच्या जातीची रोपं घ्यायची, तिकडे त्यांना कोनारा म्हणतात. त्यांच्या मुळांना ट्रफलच्या बुरशीचं विरजण लावायचं, मातीत चुना मिसळायचा, रोपं लावायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची.

"आणि लागलंय की नाही ते कळतं कसं?" मी विचारलं.

"वरून कळतच नाही. कुत्र्यालाच कळतं," मुक्ता म्हणाली. "उद्या तुला नेते. पण आई, उद्याचा दिवस फार महत्त्वाचा आहे. नीट वाग हं."

मी नीट वागत नाही असं हिला कुणी सांगितलं, देव जाणे.

टेकडीकडे

सेंदाईहून मुक्ताने गाडी काढली. शहर संपलं, भाताची कापलेली शेतं सुरू झाली, मग डोंगर. वाटेत जागोजाग पर्सिमनची झाडं होती, पान एकही नाही आणि नारिंगी फळांनी नुसती लगडलेली. मी म्हटलं, "अगं, एवढी फळं कुणी तोडत का नाही?" तर म्हणाली, "तोडायला माणसं कुठे आहेत?" मग माझ्या लक्षात आलं, झाडामागच्या घरांची दारं बंद होती. एका वळणावर अस्वलाचं चित्र काढलेली पाटी होती. पर्सिमन खायला अस्वलं थेट अंगणात येतात म्हणे.

गाडीत तिने मला सगळं सांगितलं. सुगावारासान ('सान' म्हणजे आपलं नावापुढचं 'जी') म्हणजे गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. वय सत्तरीच्या पुढे. घरामागच्या टेकडीवर त्यांनी मुक्ताच्या प्रयोगशाळेकडून रोपं घेऊन ट्रफलची बाग लावली. झाडं चांगली डोक्यावर गेली, पण ट्रफल एकही नाही. टोकियोतल्या मुलाचा आता धीर सुटलाय. सोलरवाले त्या उतारावर पॅनेल बसवायला तयार आहेत, आणि आईवडिलांसाठी त्याने सेंदाईत फ्लॅटही बघून ठेवलाय, कुत्रं चालेल असा. शेवटी बाप-लेकात ठरलं, या हंगामात एक जरी ट्रफल निघालं तर झाडं ठेवायची. नाही निघालं तर झाडं तोडून उतार सोलरला द्यायचा आणि म्हाताऱ्या नवराबायकोने शहरात जायचं. मुलगा पुढच्या आठवड्यात येणार होता. त्यानंतर बर्फ. म्हणजे आजचा शोध शेवटचा.

"बिचारे," मी म्हटलं.

"हो ना. आणि फुमिकोसान, त्यांची बायको, इतकी साथ देते! कुत्रीला तिनेच शिकवलंय. ती फक्त तिचंच ऐकते."

आम्ही पोचलो तेव्हा दोघं दारात उभी होती. सुगावारासान काटकुळे, कानटोपी घातलेले, आणि डोळे सारखे टेकडीकडे. फुमिकोसान ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हसली की डोळे दिसायचेच नाहीत. वाकण्याचा कार्यक्रम बराच चालला. मी वाकले की त्या वाकायच्या, त्या वाकल्या की मी. शेवटी माझ्या पाठीत उसण भरायची वेळ आली तेव्हा मुक्ताने मला आवरलं.

आणि त्यांच्या पायाशी किनाको. मेतकुटाच्या रंगाची, मध्यम उंचीची, एक कान उभा आणि एक पडलेला. कुठल्या जातीची म्हणाल तर कुठल्याच नाही. बेवारस कुत्र्यांच्या आश्रमातून आणलेली. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, त्यावरून नाव. माझं तर मनच गेलं तिच्यावर.

बाकीचे आत बागेचा नकाशा बघत बसले. मी बाहेर व्हरांड्यात, ऊन खात. किनाको आली, तिने माझी पिशवी हुंगली, आणि पिशवीसमोर अगदी ताठ बसून माझ्याकडे बघायला लागली. भुंकणं नाही, झडप नाही. आमच्या सोसायटीतली कुत्री पिशवी फाडतात! मी म्हटलं, गुणाची गं बाई माझी, किती शहाणी! आणि चकलीचा एक तुकडा मोडून दिला. तिने तो खाल्ला आणि पुन्हा बसली. मग काय, पुन्हा दिला. असं बराच वेळ आमचं प्रेम चाललं होतं.

बागेत

टेकडीवर जायच्या आधी प्रत्येकाच्या कमरेला एकेक घंटा बांधली. अस्वलाला आधीच कळावं, माणसं येतायत. मी म्हटलं, पोळ्याला बैल सजवतात तशी आमची वरात निघाली. मुक्ताने ते भाषांतर करून सांगितलं, आणि पोळा म्हणजे काय हे समजावण्यात अर्धी चढण संपली.

बाग म्हणजे ओळीने लावलेली कोनाराची झाडं, खाली सुकलेली पानं आणि बुटक्या ओकफळांचा सडा. फुमिकोसाननी कमरेच्या पिशवीत सुकवलेल्या रताळ्याचे तुकडे घेतले होते. त्यांनी मुक्तामार्फत मला त्यांची पद्धत समजावली. किनाको उकरत नाही, कारण उकरलं तर ट्रफल फुटतं, मुळंही दुखावतात. तिला पक्का वास आला की ती बसते आणि फुमिकोसानकडे बघते. बस्स, एवढंच. मग त्यांनी लगेच रताळं द्यायचं. त्यांनी दिलं तर इथे ट्रफल आहे. नाही दिलं तर ती उठते आणि पुढे जाते.

"म्हणजे ती नुसती बसली आहे की सांगते आहे, हे कळतं कसं?"

फुमिकोसान हसल्या. "मला कळतं," म्हणाल्या.

किनाकोला सोडलं. ती खाली नाक घालून पहिल्या ओळीतून पळाली, दुसरीत शिरली, थांबली, मान वर केली, आणि वळून सरळ माझ्याकडे आली. माझ्या पायाशी ताठ बसली.

सगळे हसले. मीही हसले. तिला परत पाठवलं. ती परत आली. पुन्हा पाठवलं. पुन्हा आली, आणि आता तर शेपटीही हलवायला लागली. सुगावारासानांचं हसू थांबलं. मुक्ता माझ्याकडे बघायला लागली. ती लहानपणी शाळेतून येऊन "माझी वही कुणी घेतली?" विचारायची ना, तशीच.

"आई, तू हिला काय दिलंस?"

"काही नाही गं. चकलीचा एवढासा तुकडा."

"कसली चकली?"

"आपली. घरची."

मुक्ताने कपाळाला हात लावला. "अगं आई! ट्रफलच्या वासात गंधक असतं. हिंगाच्याही वासात असतं. ती वास आला म्हणून बसली आणि तू तिला बक्षीस दिलंस! दोन वर्षं शिकवलेलं तू व्हरांड्यात बसून पुसून टाकलंस!"

एवढ्या दुरून येऊन, कुणाच्या आयुष्याचा निकाल लागायचा त्या दिवशी, मी हा उद्योग करून ठेवावा? धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हात जोडले, वाकले, पुन्हा वाकले. आणि सुगावारासान काय करतात? तेच माझी माफी मागतात! "आम्ही आधी सांगायला हवं होतं," म्हणतात. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. आपल्याकडे निदान "अहो, अक्कल आहे का?" म्हणून मोकळे झाले असते आणि मग चहा झाला असता.

शेवटी ठरलं की थोडं थांबायचं. माझी पिशवी गाडीत, गाडी लांब. मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, फुमिकोसाननी मला स्वतःचा कोट घालायला दिला. किनाकोला पाणी पाजून, तोंड पुसून बसवलं. दुपारी पुन्हा प्रयत्न.

स्वयंपाकघरात

मुक्ता आणि सुगावारासान बाहेर मातीचे नमुने घेत होते. मी म्हटलं, निदान चार भांडी तरी विसळू, म्हणून फुमिकोसानच्या मागे स्वयंपाकघरात गेले. त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम समुद्री शेवाळाच्या पाण्यात सूप केलं होतं, मासा अजिबात नाही. हे कळल्यावर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बोलायला मध्ये भाषा नव्हती. मग त्यांनी फोन काढला. त्या जपानीत बोलायच्या, पडद्यावर मराठी उमटायचं. मी मराठीत बोलायचे, त्यांना जपानी. मराठी जरा सरकारी पत्रासारखं यायचं, पण समजायचं.

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमची झाडं गेली तर मी स्वतःला कधी माफ करणार नाही."

त्या पातेलं ढवळत राहिल्या. मग फोन तोंडाशी धरून हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि माझ्यापुढे केला. पडद्यावर होतं, "आज काहीही सापडू नये अशी माझी इच्छा आहे."

मला वाटलं, यंत्राने घोळ घातला. मी मान हलवून पुन्हा सांगा अशी खूण केली. त्यांनी पुन्हा सांगितलं, निराळ्या शब्दांत, सावकाश. "मला शहरात जायचे आहे. तिथे माझी मोठी बहीण राहते. मला चालत दुकानात जाऊन टोफू विकत आणायचा आहे. येथे मी गाडी चालवणे सोडले आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी पतींना विचारावे लागते. हिवाळ्यात संध्याकाळनंतर एकही दिवा दिसत नाही."

मी खिडकीतून बघितलं. समोरच्या घराच्या दाराला लाकडी फळ्या ठोकल्या होत्या.

"मग सांगा ना त्यांना!" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

त्या हसल्या. डोळे मिटले. "त्यांनी एवढी वर्षे झाडे लावली. मला जायचे आहे असे मी म्हटले तर ते लगेच झाडे तोडतील. आणि मग कधी काही बोलणार नाहीत. ट्रफल निघाले नाही तर कुणालाच काही म्हणावे लागणार नाही."

"मग किनाकोला शिकवलंत कशाला?"

"तो आमचा दोघींचा खेळ होता. या टेबलाखाली मी ट्रफलच्या वासाचे डबे लपवत असे. ती हुशार आहे हे मला खूप उशिरा समजले."

आपल्याकडे बायका मनातलं बोलत नाहीत असं आपण म्हणतो, पण आपण भांडी तरी आपटतो. फोडणी जरा जास्त तडतडू देतो. ही बाई तेवढंही करत नव्हती. मला तिचा राग आला, कळवळाही आला, आणि त्याच्यावर एक चमत्कारिक विचार आला की माझ्या चकलीने हिचं काम सोपं केलंय. आज किनाको कुठेही बसली तरी कुणाचा विश्वास बसणार नव्हता. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. जपानमध्ये असं कुणाला हात लावत नाहीत, मला माहीत आहे. पण त्यांनी तो बाजूला केला नाही.

पुन्हा बागेत

दुपारी ऊन तिरपं झालं होतं. मला बागेच्या अगदी खालच्या टोकाला, कुंपणाशी उभं केलं, वारा माझ्याकडून झाडांकडे जाणार नाही अशा बेताने. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तशी मी उभी. बाकीचे वरून किनाकोच्या मागे मागे उतरत होते.

ती आता शांत होती. एकेका झाडापाशी जायची, हुंगायची, पुढे व्हायची. सुगावारासान तिच्या बाजूने, नजर मातीवर खिळलेली, कुठे भेग दिसते का, कुठे गवत सुकलंय का. वरच्या ओळी झाल्या. मधल्या झाल्या. काही नाही. मला माझंच कळेना की मी काय मागतेय. मास्तरांकडे बघितलं की वाटायचं, सापडू दे रे देवा. बाईंकडे बघितलं की वाटायचं, नको बाबा.

शेवटच्या ओळीत, माझ्यापासून हातभर नाही पण दोनचार पावलांवर म्हणा, किनाको थांबली. एका झाडाभोवती एकदा फिरली. आणि बसली.

सुगावारासाननी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचे खांदेच उतरले. "पुन्हा तोच वास," ते म्हणाले आणि वळून टेकडी चढायला लागले. मुक्तानेही मान हलवली आणि नमुन्यांची पेटी उचलली.

पण मी बघत होते ना! किनाको माझ्याकडे बघतच नव्हती. शेपटीही हलत नव्हती. ती फुमिकोसानकडे बघत होती, आणि फुमिकोसान तिच्याकडे. बाईंचा हात कमरेच्या पिशवीत गेलेला आणि तिथेच अडकलेला. बाकी दोघांची पाठ होती. एक अक्षर बोलायची गरज नव्हती. हात रिकामा बाहेर काढला असता तर कुत्री उठून गेली असती, आणि सगळा दोष चकलीवर. माझ्यावर. मी तो घेतलाही असता, शपथ सांगते. मी त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली, घेते म्हणून.

किनाको बसूनच होती. पडलेला कान जरासा वर झाला. आपण विचारतो ना, "काय, चुकलं का माझं?" अगदी तसं तिचं तोंड झालं.

फुमिकोसान खाली बसल्या. पिशवीतून रताळं काढलं आणि तिला दिलं. एक नाही, मूठभर. तिच्या गळ्यात हात घालून काहीतरी पुटपुटत राहिल्या. मग मान वर करून मोठ्याने हाक मारली, "ओतोसान! इथे!"

ओतोसान म्हणजे बाबा. तिकडे नवऱ्यालाही तसंच म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं.

सुगावारासान उतारावरून जवळजवळ घसरतच आले. मुक्ताने छोट्या खुरपीने आधी पानं बाजूला केली, मग माती, चमचाचमचा. मग हाताने. तिच्या बोटांत एक काळं, खरखरीत, लिंबाएवढं काहीतरी होतं. तिने ते हुंगलं, डोळे मिटले आणि मास्तरांच्या हातावर ठेवलं.

मास्तर मातीतच मांडी घालून बसले. कानटोपी काढली. त्यांना रडू आवरत नव्हतं आणि ते लपवायलाही येत नव्हतं, कारण दोन्ही हातांत ट्रफल. मुक्ताही रडत होती. मी तर काय, मला बातम्या बघतानाही रडू येतं. फक्त फुमिकोसान रडत नव्हत्या. त्या खड्ड्यात माती परत लोटून, वर पानं पसरून, हाताने थोपटत होत्या.

जेवताना

ट्रफल प्रयोगशाळेत न्यायचं होतं, तपासायला. पण मुक्ताने त्याची पातळ चकती कापून ठेवली. फुमिकोसाननी गरम भातावर कच्चं अंडं फोडलं, सोया सॉसचे चार थेंब, आणि वर ती चकती कुस्करली. कच्चं अंडं! चिंचवडला तर हे मुळीच सांगू नका. वास कसा म्हणाल तर पावसाळ्यानंतरची ओली माती, थोडा लसूण, आणि पाठीमागे कुठेतरी, नाही म्हटलं तरी, आमची हिंगाची डबी. कुत्रीचं काही चुकलं नव्हतं. मी दोनदा भात घेतला.

सुगावारासान बोलायचे थांबेनात. सकाळचा अबोल माणूस हाच का असं वाटावं. मुलाला फोन झाला. पुढच्या वर्षी खालचा उतारही लावू, कुंपण बदलू, चुना जास्त घालू. किनाको त्यांच्या पायाशी घोरत होती. मुक्ता माझ्या कानाशी भाषांतर करत होती.

तेवढ्यात फुमिकोसाननी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. अगदी हळू, आवाज न करता.

"ओतोसान, मी हिवाळाभर सेंदाईला राहणार आहे. ताईजवळ."

मुक्ता भाषांतर करता करता थांबली. मी तिला कोपराने ढोसलं.

सुगावारासानना कळलंच नाही आधी. "कशाला? आता जायची गरज नाही. ट्रफल सापडलं."

"सापडलं म्हणूनच सांगते आहे. सापडलं नसतं तर झाडं गेली म्हणून आपण गेलो असतो. आता झाडं राहतील. आणि मी जाईन, कारण मला जायचं आहे. मला इथे हिवाळ्यात भीती वाटते. पुष्कळ वर्षं वाटते आहे."

मला वाटलं, आता हा म्हातारा भडकणार, नाहीतर त्याहून वाईट, गप्प बसणार. मी पदर सावरून बसले. म्हणजे पदर नव्हता, फुमिकोसानचाच कोट होता.

वाडगा बाजूला सरकवून ते म्हणाले, "आणि किनाको?"

फुमिकोसाननी वाकून टेबलाखाली किनाकोवरून हात फिरवला. "ती इथेच राहील. झाडं इथे आहेत. हे तिचं काम आहे."

"ती माझं ऐकत नाही. मी किती वेळा प्रयत्न केला. ती कधी बसली, कधी सांगते आहे, मला काही कळत नाही."

"कसं कळेल?" फुमिकोसान म्हणाल्या. "ती तुमच्याकडे बघून सांगते. तुम्ही तिच्याकडे बघतच नाही. तुम्ही सारखे जमिनीकडे बघता."

मुक्ताने हे मला मराठीत सांगितलं. मी वर बघितलं. सुगावारासान जेवणाकडे बघत नव्हते, टेकडीकडे नाही, कुत्रीकडेही नाही. ते बायकोकडे बघत होते. बघतच राहिले होते.